साडेअठ्ठावीस टन आणि बारा फुटी रस्ता

आमच्या शाळेचा पहिला तास सुरू झाला की मी वर्गाची रस्त्याकडची खिडकी लावून घेते. ऊन येते म्हणून नाही की पाऊस येतो म्हणून नाही, डंपर येतात म्हणून. खिडकी उघडी ठेवली तर मागच्या बाकावर माझा आवाज पोहोचत नाही आणि फळ्याच्या कडेवर मधल्या सुट्टीपर्यंत बोटाने नाव लिहिता येईल इतकी लाल माती बसते. बंद ठेवली तर मार्च-एप्रिलमध्ये मुलांचा जीव गुदमरतो. पावसाळ्याचे महिने सोडले तर जवळपास सगळे शालेय वर्ष आम्ही या दोन त्रासांतला एक निवडण्यात घालवतो.

गेल्या वर्षी आमच्या गणिताच्या सरांनी ताळ्याच्या खुणा शिकवायला एक उपक्रम घेतला. मुलांना ओटीवर बसवले आणि तासभर रस्त्यावरची वाहने मोजायला सांगितली. एसटी 1, रिक्षा 4, दुचाकी 11, डंपर 23. मोजणी सुरू व्हायच्या आधीच पाचवीतल्या एका मुलाने विचारले होते, ‘सर, भरलेले आणि रिकामे वेगवेगळे मोजायचे का?’ त्याला न बघता, नुसत्या आवाजावरून दोन्हींतला फरक कळतो. भरलेला डंपर घरघरत येतो आणि जमीन हलवतो, रिकामा खडखडत येतो आणि वेगात असतो. मला त्या मुलाच्या हुशारीचे कौतुक वाटले आणि त्याच क्षणी वाईटही वाटले. आमच्या लहानपणी याच रस्त्यावर आम्ही पक्ष्यांचे आवाज असे ओळखायचो.

गाव मंडणगड-दापोली पट्ट्यातले आहे. वर सड्यावर बॉक्साइटची खाण, खाली खाडीकाठी धक्का, आणि मध्ये आमचा मोहल्ला, कुणबीवाडी, बौद्धवाडी, शाळा, मशीद, देऊळ आणि या सगळ्यांना बांधणारा एक रस्ता. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. खाण चालवणाऱ्याचेही लिहीत नाही. नाव लिहिले की वाचणारा म्हणतो, अमक्या माणसाचे आणि तमक्या गावाचे भांडण आहे, आपल्याला काय. हे भांडण एका मालकाशी नाही. आज इथे बॉक्साइट आहे, उद्या दुसरीकडे खडी असेल, वाळू असेल, बंदराचा कोळसा असेल. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाने आलापल्ली-आष्टी रस्त्याचे काय केले हे त्या भागातल्या माणसांना विचारा.

आता मूळ गोष्ट सांगते. आमच्याकडे सातवीपर्यंत वर्ग आहेत. आठवीला मुले पुढच्या गावातल्या हायस्कुलात जातात. माझी एक विद्यार्थिनी, उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे पहिली येणारी, आठवीला गेली. सरकारी योजनेतून तिला सायकल मिळाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका वळणावर समोरून भरलेला डंपर आणि मागून रिकामा डंपर अशी ती मध्ये सापडली. तिने सायकल सोडून गटारात उडी मारली. सायकल चाकाखाली गेली, मुलीचा हात मोडला. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. हात महिन्याभरात जुळला, पण ती शाळेत परत गेली नाही.

मी तिच्या घरी गेले. वडील ओळखीचे, मच्छीचा धंदा करणारे, मुलीला शिकवायची हौस असलेले. मी नेहमीची भाषणे तयार ठेवून गेले होते. मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व, इल्मची फजिलत, सगळे. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे सांगितले, ‘मॅडम, तुम्ही जे सांगाल ते मला कबूल आहे. मला शाळेची अडचण नाही. मला रस्त्याची अडचण आहे.’

माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या समाजातल्या मुली सातवीनंतर का गळतात यावर मी कितीतरी शिबिरांत बोलले आहे. गरिबी, लवकर लग्न, पालकांची मानसिकता, पडदा, अशी कारणांची यादी आम्हा शिक्षकांना तोंडपाठ असते. त्या यादीत डंपर कधीच नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक 3 किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. कायदा अंतर मोजतो. त्या अंतरात काय धावते ते मोजत नाही.

म्हणून मी रस्ता समजून घ्यायला बसले. मी भाषेची शिक्षिका, बीएडला मला कुणी रस्तेबांधणी शिकवली नाही. पण ज्या गोष्टीने माझी विद्यार्थिनी घरी बसली ती मला कळलीच पाहिजे, असे वाटले.

पहिली गोष्ट रुंदीची. खेड्यांना जोडणारे हे रस्ते प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झाले. ही योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. तिच्यातल्या रस्त्याचा डांबरी भाग साधारण 3.75 मीटर रुंद असतो, म्हणजे बारा फुटांच्या थोडा वर. जिथे वाहने फारच कमी तिथे 3 मीटरही चालतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रकची रुंदी 2.6 मीटरपर्यंत असू शकते. आता साधी वजाबाकी करा. पावणेचार मीटरच्या रस्त्यावर एक डंपर आला की उरतो सव्वा मीटरहून कमी रस्ता. त्यात दप्तर घेतलेले पोर, डोक्यावर भारा घेतलेली बाई, दुचाकीवरचा मास्तर, सगळ्यांनी मावायचे. दोन डंपर समोरासमोर आले तर बेरीज होते 5.2 मीटर. म्हणजे रस्ता संपतो आणि दोघांचीही चाके बाजूपट्टीवर उतरतात. ती बाजूपट्टी म्हणजेच आमच्या मुलांचा फुटपाथ. दुसरा फुटपाथ खेड्यात नसतो. चालक कितीही सज्जन असला तरी ही वजाबाकी बदलत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती मला आमच्या गणिताच्या सरांनी घातांक शिकवतात तशी शिकवली. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक दिवसरात्र फिरवले आणि रस्ता कधी, किती खराब होतो ते मोजले. त्यातून जो ढोबळ नियम निघाला तो आजही जगभरचे अभियंते मानतात. एका आसावर पडणारे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. वजनाचा चौथा घात. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन भार धरा आणि डंपरच्या एका आसावर दहा टन. भार वीसपट. झीज वीस गुणिले वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे 1,60,000 पट. त्या एका डंपरच्या एका फेरीने रस्त्याचे जे होते ते करायला गावातल्या मोटारींना कित्येक पिढ्या लागतील.

आता यावर कायद्याने काय केले ते पाहा. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका आसावर पूर्वी 10.2 टन चालत, ते 11.5 टन झाले. तीन आसांच्या ट्रकचे मालासकट वजन 25 टनांवरून 28.5 टन झाले. ऐकायला वाढ थोडी वाटते. चौथ्या घाताने मोजली तर त्या एका आसाची झीज सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. महामार्ग ही वाढ सोसतील, ते त्यासाठी जाड बांधलेले असतात. आमचा ग्रामसडकेचा रस्ता एसटी, टेम्पो आणि आंब्याची पिकअप यांच्या हिशेबाने बांधलेला आहे. त्याची जाडी 2018 मध्ये कुणी वाढवली नाही. आणि हे झाले कायद्यात बसणाऱ्या वजनाचे. 11.5 टनांच्या जागी 15 टन भरले, म्हणजे जेमतेम तीस टक्के जास्त, तर झीज जवळजवळ तिप्पट.

मग या रस्त्याचा खर्च कोण करतो? खाणीचा माल बाहेर जातो, त्याची किंमत ठरते, नफा ठरतो. त्या हिशेबात डिझेल आहे, चालकाचा पगार आहे, जेसीबीचे भाडे आहे. आमचा रस्ता नाही. आमच्या मोऱ्या नाहीत. मोहरावर बसणारी धूळ नाही. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. पण त्याच हापूसच्या मोहराच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, रस्त्याकडेच्या कलमांवर लाल माती बसते तेव्हा त्या बागायतदाराला विचारायला कुणी येत नाही. ज्याला आपण स्वस्त वाहतूक म्हणतो ती स्वस्त नसते. तिचे पैसे दुसरा कुणीतरी देत असतो, आणि इथे ते गाव देते. श्रीमंत उद्योगाला गरीब गावाने दिलेले हे अनुदान आहे. फक्त ते कुठल्या अर्थसंकल्पात छापून येत नाही.

कुणी म्हणेल, यासाठीच तर जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खरे आहे. 2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणपट्टेधारकाने स्वामित्वधनाशिवाय आणखी काही रक्कम खाणबाधित भागासाठी द्यायची असे ठरले. लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या 10 टक्के, त्याआधीच्यांना 30 टक्के. या निधीत पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांना अग्रक्रम आहे. मग त्याच पैशातून डंपरने फोडलेला रस्ता दुरुस्त करा आणि पुन्हा डंपरला द्या, ही मागणी मला मान्य नाही. तसे केले तर आमच्या दवाखान्याचे आणि शाळेचे पैसेही डंपरच्या चाकाखाली जातील. ज्याने रस्ता मोडला त्याने तो आपल्या खिशातून बांधावा.

या विषयावर बोलले की तीन उत्तरे हमखास येतात. तिन्ही मी आपल्याच माणसांकडून ऐकली आहेत, म्हणून तिन्हींना इथेच उत्तर देते.

पहिले उत्तर: ‘पोरांच्या पोटावर पाय देऊ नका.’ हे उत्तर सर्वात प्रामाणिक आहे. आमच्याच मोहल्ल्यात चार घरांनी हप्त्याने डंपर घेतले आहेत. त्यांतला एक मुलगा माझा विद्यार्थी. कुवेतची नोकरी गेल्यावर गावी आला, आईचे दागिने ठेवून गाडी उभी केली. तो वाईट मुलगा नाही. पण त्याला पैसे खेपेवर मिळतात. दिवसात जितक्या खेपा तितके पैसे, आणि हप्ता तर महिन्याला ठरलेला. अशा माणसाने वळणावर वेग कमी करावा अशी अपेक्षा करणारे आपण कोण? वेगाचा गुन्हा त्याच्या नावावर लागतो, पण तो वेग ठरवला आहे खेपेच्या दराने. धोका गावाचा, कर्ज गावाच्या पोराचे, आणि माल दुसऱ्याचा.

या वाटेचा शेवट पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. गोव्यात सावर्डे, कुडचडे, केपे या भागांत लोहखनिजाचे ट्रक वर्षानुवर्षे गावांच्या रस्त्यांवरून धावले. माल ट्रकने नदीकाठी यायचा आणि मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगावला जायचा. हजारो घरांनी कर्जाने ट्रक घेतले. सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 मध्ये बेकायदा उत्खननाच्या प्रश्नावर सगळे थांबले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करून पुन्हा थांबवले. अंगणात ट्रक उभे, बँकेचा हप्ता सुरू. सरकारला ट्रकमालकांसाठी कर्जमदतीच्या योजना आणाव्या लागल्या. ज्यांनी आधी भरपूर कमावले होते ते तरले. शेवटी आलेल्या हप्तेवाल्यांची मात्र फरफट झाली. आमच्या चार घरांची मला काळजी वाटते ती याच कारणाने. डंपरला मर्यादा घाला म्हणणारी मी त्यांची दुश्मन नाही. मर्यादा नसलेला धंदा एक दिवस अचानक बंद पडतो आणि तेव्हा पोटावर खरा पाय पडतो.

दुसरे उत्तर: ‘मग रस्ता रुंद करून घ्या.’ हे उत्तर पुढाऱ्यांना फार आवडते, कारण त्यात नारळ फोडता येतो. पण रस्ता रुंद होणार कुठे? एका बाजूला कब्रस्तानची भिंत, दुसऱ्या बाजूला घरांचे पडवीचे खांब. पुढे ऐन, किंजळ, आंब्याची झाडे, ज्यांच्या सावलीत लोक एसटीची वाट पाहतात. ती तोडून रस्ता मोठा केला तर डंपर कमी होतील की वाढतील? जिथे 23 मोजले तिथे 60 मोजावे लागतील, आणि तेही दुप्पट वेगाने. शिवाय रुंदीकरण म्हणजे काय हे कोकणी माणसाला शिकवायची गरज नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम 2011 मध्ये सुरू झाले. तेव्हा पहिलीत असलेली मुले आता मतदान करतात आणि आपण अजून वळणरस्त्यांचे फलक वाचत गावी येतो. रस्ता ज्या कामासाठी आहे त्या कामापुरताच वापरावा, यात मागासलेपण काही नाही.

तिसरे उत्तर मला सर्वात जास्त टोचते: ‘निसर्ग-बिसर्ग हे मुंबई-पुण्याच्या लोकांचे चोचले. आपल्याला त्याचे काय?’ ज्या रस्त्याने मी शाळेत जाते त्याच्या एका वळणावर अचानक खाडी दिसते. फेब्रुवारीत पांगारा फुलतो, मार्चमध्ये सुरंगीचा वास येतो, एप्रिलमध्ये पोरे करवंदे काढत घरी जातात. पावसाळ्यानंतर सड्यावर कातळाच्या फटीफटीतून रानफुले येतात. हे चोचले असतील तर ते गरिबाला फुकट मिळालेले एकमेव चोचले आहेत. मुंबईचा माणूस वर्षातून दोन दिवस हे पाहायला पैसे मोजून येतो. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जाताना बघायला येतो, केळशीला महालक्ष्मीच्या देवळात आणि याकूब बाबांच्या दर्ग्यावर येतो, हर्णैला मासळीचा लिलाव बघतो. त्याच्या येण्यावर घरगुती खाणावळी चालतात, त्यात आपल्याही बायका आहेत. डंपरमागे धूळ खात तो एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. पण हा पैशाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मला म्हणायचे ते उरतेच. आपल्या मुलांना सुंदर रस्त्याने चालत शाळेत जाता यावे, ही मागणी करायला आपण श्रीमंत असण्याची अट नाही.

आणि आम्ही रस्त्याच्या विरोधात आहोत, असे तर कुणी म्हणूच नये. रस्ता नसणे म्हणजे काय हे कोकणाइतके कुणाला ठाऊक आहे? बाळंतिणीला डोलीतून किंवा होडीतून न्यायच्या आठवणी आमच्या दादींकडे अजून आहेत. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचे स्वप्न पाहणारे बॅरिस्टर अंतुले आमच्याच पट्टीतले, सावित्रीकाठच्या आंबेतचे. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो ते त्यांनी माणसे जोडली म्हणून. आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद राहिला तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतल्या कितीतरी घरांना कळले की सोयरीक, बाजार आणि दवाखाना हे सगळे एका पुलावर उभे होते. जो रस्त्याची किंमत जाणतो तोच रस्ता वाचवायला उभा राहतो.

आता प्रश्न असा की हे थांबवायचे कोणी? जिल्हा परिषद म्हणते, रस्ता आमचा पण वाहतूक आमच्या हाती नाही. पोलीस म्हणतात, वजन आरटीओचे काम. आरटीओ म्हणतात, माणसे कमी. खनिकर्म विभाग म्हणतो, आम्ही उत्खनन बघतो, रस्ता नाही. तहसीलदार म्हणतात, अर्ज द्या. अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे.

पण कायदा मुका नाही. मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 115 वाचा. सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यांसाठी, किंवा एखाद्या रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप पाहून, राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर एखाद्या प्रकारच्या वाहनांना बंदी करू शकतो किंवा अटी घालू शकतो. महिन्याभराच्या बंदीसाठी तर राजपत्राचीही वाट पाहावी लागत नाही. कलम 113 मध्ये वजनाची मर्यादा आहे, 114 मध्ये गाडी थांबवून वजन करायचा अधिकार आहे. कलम 194 मध्ये जादा वजनाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये, आणि जादा माल तिथेच उतरवायचा.

हा अधिकार वापरला जात नाही असेही नाही. दरवर्षी गणपतीला मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहने बंद होतात. चाकरमानी सुखरूप गावी पोहोचावा म्हणून सरकार आदेश काढते, आणि योग्यच करते. आमचे सगळे कुणबी शेजारी त्याच दिवसांत घरी येतात, आम्हीही त्यांच्याकडे मोदक खायला जातो. माझे म्हणणे एवढेच आहे की मोठ्यांना सणासाठी दहा-बारा दिवस सुरक्षित रस्ता मिळतो तर लहानांना शाळेसाठी रोज दोन तास का मिळू नये?

गावाने एकत्र बसून काही मागण्या ठरवल्या. त्यात बंद करा, पेटवून द्या असे काही नाही. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तासभर डंपर थांबावेत. सूर्यास्तानंतर वाहतूक बंद. खाणीच्या दारात वजनकाटा, आणि त्याची नोंद ग्रामपंचायतीत. ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी बाहेर पडणार नाही. मोऱ्यांवर भारक्षमतेचा फलक. खेपेऐवजी दिवसाचा पगार, म्हणजे चालकाला घाई करावी लागणार नाही. आणि सर्वात महत्त्वाचे, सड्यावरून वस्ती टाळून धक्क्यापर्यंत जाणारा स्वतंत्र रस्ता खाणीने स्वतःच्या खर्चाने बांधावा. तो होईपर्यंत दिवसाच्या खेपांवर आकडा ठरवावा. तो रस्ता परवडत नसेल तर ती खाणही परवडत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. इतकी वर्षे ती परवडली ती आमच्या जिवावर.

या बैठकीत एक गोष्ट मला खटकली. कुणबीवाडीचे काका बोलले, बौद्धवाडीतली मुले बोलली, महिला बचत गटाच्या बायका तर सर्वात जास्त बोलल्या. आमच्या मोहल्ल्यातले पुरुष मागे भिंतीला टेकून उभे. नंतर एकाने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘बाजी, आपण पुढे होऊ नये. आपण थोडे. उद्या काही झाले तर नाव आपलेच येते.’ ही भीती मी खोटी म्हणणार नाही. ती कुठून येते हे मला कळते. पण डंपर मोहल्ला कुठला आणि वाडी कुठली हे विचारून धूळ उडवत नाही. आणि ज्या प्रश्नावर सगळे गाव एका बाजूला आहे तिथेही आपण गप्प बसलो तर शेजाऱ्यांशी खांद्याला खांदा लावून उभे राहायची संधी आपणच घालवतो. नागरिक म्हणून आपला हक्क आपण कधी वापरणार? फक्त मतदानाच्या दिवशी?

मशिदीत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत की ईमानाच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत आणि रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही त्यांतली सर्वात लहान. रस्त्यालाही हक्क असतो, त्यावर बसणाऱ्याने कुणाला इजा होऊ देऊ नये, हेही आपल्याला शिकवले आहे. काटा दिसला तर आपण वाकून उचलतो. दगड दिसला तर पायाने सरकवतो. मग साडेअठ्ठावीस टनांची वस्तू दिसली की आपण डोळे का फिरवतो? ती एकट्याने उचलण्यासारखी नाही म्हणून? तर मग सगळ्यांनी मिळून उचलू. माझ्या मते शुक्रवारच्या बयानात या विषयाला पाच मिनिटे मिळायला हरकत नाही.

मी दोन भाषा शिकवते, म्हणून शेवटी एका शब्दाविषयी लिहिते. रस्ता हा शब्द फारसीतून मराठीत आला, हक्क अरबीतून आला, आणि तक्रारसुद्धा अरबीतून. अरबीत ‘तकरार’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणे. उर्दूत त्याला पुनरुक्ती आणि हुज्जत असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत येईपर्यंत पुनरुक्तीचा अर्थ गळला आणि गाऱ्हाणे उरले. मला वाटते आपण मूळ अर्थ परत आणावा. एकदा अर्ज देऊन पोच फाइलला लावली की तक्रार संपत नाही. ती ग्रामसभेत पुन्हा करायची, आमदारांपुढे पुन्हा करायची, जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात पुन्हा करायची, आणि उत्तर मिळेपर्यंत करत राहायची.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या मुलीच्या घरी गेले. ती धाकट्या भावाला पाढे म्हणायला लावत होती. वडिलांनी पुन्हा चहा दिला. या वेळी मी भाषण केले नाही. कलम 115 खाली जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाचायला मुलीला दिली, कारण त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. तिने सगळे मोठ्याने वाचून दाखवले, एका जागी माझी शुद्धलेखनाची चूकही काढली. मग वडिलांनी सही केली, आणि तिने विचारले, ‘मॅडम, मी पण करू का?’

मी म्हटले, पहिली सही तुझीच हवी होती.